साक्षीदार क्रमांक चार

इंदूरच्या जिल्हा कोर्टात मी बावीस वर्षं टाइप करते,
हिंदीत.
घरची मराठीही निम्मी हिंदीच, पुण्याची जाऊ हसते त्यावर.
त्या मंगळवारी मॅडमनी चष्मा काढून विचारलं,
दिघेजी, ये कौन-सी मराठी है? आप समझ रही हैं?
आणि मी की-बोर्डवरून हात उचलून
उभी राहिले, दुभाषी म्हणून.

देपालपूर रस्त्याच्या आत कुठेतरी त्यांची वस्ती.
छत्तीस घरं. वीज नाही, फोटो नाही.
आसपासचे त्यांना 'बिनदिव्याचे' म्हणतात.
वऱ्हाडातून कधी चालत आले, त्यांनाही ठाऊक नाही;
भाषा मात्र पदराला बांधून आणली ती तशीच,
गाठ न सोडता.

राहीआई. वय माहीत नाही. राखाडी लुगडं, कपाळ मोकळं.
शपथ घ्या, म्हटलं.
"खरें बोलावया आधीं आणिक काय बोलावें?"
मी हिंदीत सांगितलं. मॅडम बराच वेळ पेन फिरवत राहिल्या,
मग म्हणाल्या, ऐसे ही लिखिए.

प्रकरण साधं. पहाटे पावणेपाच, दुधाची बैलगाडी,
मागून डंपर.
येसोबा, वय एकोणीस, जागीच. एक बैल दुपारपर्यंत.
आरोपी भेरूलाल, सांवेरचा, बाकावर बसलेला
चपला काढून. का, ते कुणी विचारलं नाही.

बचावाचे वकील उठले:
गाडीला मागे लाल पट्टी का नव्हती?
"कंदील होता."
पट्टी का नव्हती?
"तांबडें ओरडतें, गा. आम्ही ओरडत नाही."
मागे कुणीतरी हसलं.
मी टाइप केलं, लाल रंग चिल्लाता है.
कागदावर ते वेडाचं दिसलं.

मग सरकारी वकील तोमर. आवाज मऊ, त्यांचीच तर साक्षीदार.
माताजी, इस आदमी को पहचानती हैं? जिसने आपके बेटे को
तिने वाक्य पुरं होऊ दिलं नाही.
"आम्ही सांडिलें."

क्या?
"सांडिलें."

आता, आमच्याकडे दूध सांडतं. चहा सांडतो.
गिर गया, मी म्हटलं. तोमर म्हणाले, क्या गिर गया? दूध?
हो, दूधही, चाळीस लिटर, पंचनाम्यात आहे,
डांबरावर पार पुलियापर्यंत गेलेलं.
पण ती दुधाचं बोलत नव्हती.
तिने ओंजळ धरली हवेत
आणि बोटं सैल केली. एवढंच.

छोड़ दिया, मी म्हटलं. मग, नहीं, रुकिए, माफ़ किया.
मग तेही नाही; माफ करणारा पायरीभर वर उभा असतो,
आणि ही कठडा धरून उभी होती
भेरूलालच्याच फरशीवर.
एक शब्द दीजिए, दिघेजी, मॅडम म्हणाल्या.
बाहेर स्टँपवाला कुणाच्या तरी नावाने ओरडत होता.
मी टाइप केलं: त्याग दिया.
चुकलं. तेव्हाच कळलं मला.

तोमरांनी तिला फितूर जाहीर केलं.
हे कलम तडजोडीचं नाही, माताजी,
सोडायचं की धरायचं ते सरकार बघेल.
मी तिला तिच्या मराठीत सांगायचा प्रयत्न केला.
"बरें," ती म्हणाली,
कुणी रस्ता दाखवल्यावर म्हणतात तसं.

भेरूलालला दीड वर्ष झालं.
निकालाच्या दिवशी फाटकापाशी
राहीआई त्याच्या बायकोला लोण्याचं मडकं देत होती.
बायको घेत नव्हती, ढकलतही नव्हती.
मडकं मधल्यामध्ये, चार हातांत.
पुढचं मी पाहिलं नाही, माझी बस लागली होती.

दिराशी माझा दावा याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर,
अकरा वर्षं. पुढची तारीख चौदा.
रात्री गॅससमोर उभी राहून तो शब्द म्हणून पाहिला,
हळू, शेवटच्या अनुस्वारासकट.
दूध वर आलं.
मी वेळेवर गॅस बंद केला.