गेज

उद्यमबागेत, तिसऱ्या क्रॉसच्या टोकाला,
खाली लेथ, वर आमची खोली.
कोड लिहिताना टेबल थरथरतं
आणि चहात बारीक रिंगणं उठतात.

बाबा याच गल्लीत पॅटर्न करायचे, सागवानाचे.
एकदा त्यांचा हात केसभर चळला
आणि दोनशे व्हॉल्व्ह तेवढेच, केसभर, चुकले.
वाळूला काय, दाखवलं ते धरते.
लोखंडाला काय, ते वाळूचं ऐकतं.
कोल्हापूरहून माल परत आला तेव्हा
ट्रकवाल्यानं वर हमालीही मागितली.

आमचा प्रोग्राम प्रोग्राम लिहितो.
गावांची यादी द्या, दुधाचे रकाने द्या,
फॅट, डिग्री, दर,
तो एका दमात दोनशे बारा फायली ओततो.
त्याच्यावर चौघांचे हात, चार ठिकाणचे:
गोकाकचा ईरण्णा, निपाणीची तब्बसुम,
रेंज मिळाली की खानापुरातून विठोबा गुंजीकर,
आणि मी.
कोणी काय बदललं ते सकाळी कळायचं,
तेही डेअरीवाल्याच्या फोनवरून.

ईरण्णा दोन वर्षं म्हणत होता, टेस्ट लिहूया,
प्रत्येक बदलाला, आपोआप, रात्रीसुद्धा.
मी म्हणायची, वेळ कुठाय की रे.
तो म्हणायचा, होगली बिडु.
त्या होगली बिडुत
'राहू दे' कमी, 'बघशील' जास्त असायचं.

मार्चमध्ये विठोबानं दशांशाची एक ओळ सरळ केली.
एकच. दिसायला देखणी.
अकरा गावांत साडेतीनचं फॅट तीन झालं.
कडोलीच्या केंद्रावर एक बाई
पावती उलटी करून बघत होती म्हणे,
उरलेलं अर्धं मागच्या बाजूला असेल म्हणून.

त्या रात्री बाबांच्या पेटीतला गेज
मी टेबलावर आणून ठेवला.
दोन टोकं त्याला:
एक आत जायलाच हवं, एक जाताच कामा नये.
भाव करत नाही, नाव विचारत नाही.
आम्ही चाळीस नमुने काढून ठेवले.
हे दिलं तर हे निघायला हवं, अक्षर न अक्षर.
जुळलं तर हिरवं.
नाही जुळलं तर लाल, आणि काम दारातच अडतं.

पहिल्या आठवड्यात माझंच अडलं. तीनदा.
ईरण्णानं नुसतं 'सरी' लिहिलं.

जूनमध्ये तब्बसुमचा बदल आला.
एकतीस ठिकाणी लाल.
मी फोन केला, जरा चढ्या आवाजात,
काय करूलालीस गं?
ती म्हणाली, अक्का, सुळगे किती आपल्याकडं?
एक.
दोन की ओ. उचगावकडचं एक, येळ्ळूरकडचं एक.
तुमच्या नमुन्यात एकच आहे.

उघडून पाहिलं.
पहिल्या दिवशी चाळीसच्या चाळीस नमुने
प्रोग्रामनं दिले तसेच उचलले होते आम्ही,
वर 'बरोबर' लिहून.
वाचले कुणीच नव्हते.
तेव्हापासून रोज रात्री हिरवं,
आणि एका गावाचं दूध दुसऱ्याच्या खात्यात.

बाबांना सांगितलं. ते जेवत होते.
म्हणाले, गेजबी झिजतोय.
वर्षातनं एकदा त्येलाबी मापायला न्यायचं असतंय.
कशानं मापायचं?
दुसऱ्या गेजानं.
आणि तो?
त्यांनी ताक मागितलं.

आता शनिवारी, खालचा लेथ थांबला की,
फोनवर चौघं मिळून नमुने वाचतो.
मोठ्यानं. ईरण्णा 'ळ' असा म्हणतो
की चुकीचा असता तर लाजला असता.
काल सत्तावीसपर्यंत आलो आणि लाईट गेली.
कुणी काही बोललं नाही थोडा वेळ.
मग खानापुरातून, तुटत तुटत,
विठोबाचा आवाज:
अठ्ठावीस. वाचू?