अर्धा डझन

रात्री दहाला दुकान बंद होतं
आणि मी भाव बदलायला बसते.
फ्रीजच्या काचेपाशी, गुडघ्यांखाली पुठ्ठा घेऊन
नखानं लेबल खरवडायचं.
त्याखाली जुनं निघतं, त्याखाली त्याहून जुनं.
पोटात नाताळातलं, तीन डॉलरचं,
कुणाचा विश्वास बसणार नाही असं.

मी वर्डा टियार्क्स. या दुकानात एकवीस वर्षं.
भाव मी ठरवत नाही, चिकटवते.
शिव्या मात्र चिकटवणारीला.

पहाटे युलालियो येतो कॉफी घ्यायला.
फेब्रुवारीत तो त्या शेडमध्ये होता, हायवेपलीकडच्या.
पांढरा सूट, तोंडावर मास्क, मुठीत मोजायचं यंत्र:
एक कोंबडी, एक टिक्.
अकरा दिवस.
मी विचारलं, किती झाल्या?
म्हणाला, आकडा यंत्राबरोबर परत दिला,
अंगठा तेवढा राहिलाय माझ्याकडे,
झोपेत हलतो, असं बायको सांगते.
आयोवात कुणीही यावं, पण टंचाई हे थोतांड आहे
असं त्याच्यासमोर म्हणू नये.

आणि माझा मेहुणा डेल्मर.
त्याच्या कंपनीच्या सव्वीस शेड दक्षिणेला.
तिथं एक पीससुद्धा हललं नाही.
तेच दाणे, तेच दिवे, तोच पट्टा,
पट्ट्यावरून गडगडत येणारी तीच अंडी,
फक्त वाटेत कुठंतरी
त्यांची किंमत दुप्पट होते.
वर्षाअखेरीला नफा तिप्पट झाला म्हणून
डेल्मरला टोपी मिळाली. निळी, शिलाई चांगली.
बाकीच्यांना घातली.

शनिवारी चर्चच्या तळघरात नाश्ता होता.
दोन टेबलांत भांडण जुंपलं.
हे म्हणाले रोग, ते म्हणाले हावरटपणा,
पास्टरबाई मध्ये उभ्या, हातात सिरपची बाटली.
भुर्जीचं भांडं तेवढं
दोन्ही टेबलांनी मिळून रिकामं केलं.

आधी कोंबडी की आधी अंडं, यावर मी शाळेत भांडले आहे.
हे तसं नाही.
मेलेल्या कोंबड्या खऱ्या आहेत.
आणि मढ्याच्या टाळूवरचं लोणी
कुणीतरी चमच्यानं खातंय, तेही खरं.
युलालियोनं शेड पाहिली, डेल्मरनं टोपी.
मी लेबलं बघते. मला एवढंच कळतं:
भाव चढायचा असला की मिनिटात हुकूम येतो,
यंत्रातून निघालेलं लेबल हाताला गरम लागतं.
उतरायचा असला
की वरच्या ऑफिसात नेमकं कुणीतरी सुट्टीवर असतं.

मंगळवारी ऑटिली आली. चौऱ्याऐंशी वर्षांची.
खोकं उघडून एकेक अंडं हळूच फिरवून पाहिलं,
झोपलेल्या पोराची मान सरळ करावी तसं.
मग म्हणाली, वर्डा, अर्धंच दे.
अर्धं द्यायचं नाही असा नियम आहे.
मी पुठ्ठे कापायचा चाकू काढला,
खोक्याच्या कमरेतून चालवला.
सहा तिची. सहा उरली,
बारकोड नसलेली, यंत्राच्या लेखी न जन्मलेली.

सहा एकोणऐंशीचं अर्धं:
तीन डॉलर, साडेएकोणचाळीस सेंट.
ऑटिलीनं नाणी मांडली काउंटरवर,
एकोणचाळीसपाशी थांबली, माझ्याकडे बघत.
तो अर्धा सेंट आमच्या दोघींमध्ये पडून राहिला,
ना तिचा, ना माझा.
मागं रांग होती. कुणी हुकूम दिला नव्हता.
वरच्या ऑफिसात कुणाला पत्ताही नव्हता.

माझ्याच बोटांनी मी दाबलं:
तीन चाळीस.