लोण चढल्यावर

सलग नववा सामना हरून
हॅरिस पुलाच्या अलीकडे, सेल्वमच्या गाडीपाशी थांबलो.
भूक कुणालाच नव्हती. डोसे सगळ्यांनी मागवले.

गुणवही माझ्या मांडीवर.
आमच्या घरात शिवणयंत्र भावाकडे गेलं
आणि वडिलांची ही वही माझ्याकडे.
एकोणीस वर्षं मी बोपोडीच्या या मंडळाचे गुण मांडते आहे,
त्यातले बरेच समोरच्यांच्या रकान्यात.

विषय निघणार होताच.
चिंचवडकर म्हणतात, तुमचा ढमढेरे द्या,
आमचे दोन कोपरे घ्या, उजवा नि डावा,
वर अकरा जोड बूट.

"बुटांसकट?" इस्माईलचाचा हसले नाहीत.
"पोरगा काय जुनं लुगडं आहे,
बोहारणीला देऊन पातेलं घ्यायला?"

फिलिप सरोदेनं रिक्षाची चावी बाकावर आपटली.
"द्याच! तो एकटा आणतो, सहाजण सांडतात.
फुटक्या बादलीला रेशमाचा दोर
किती दिवस बांधायचा?"

मला विचारलं असतं तर आकडे होते:
या हंगामातले आपले गुण एकशे नव्वद,
त्यातले एकशे बारा एकट्या भैरूचे.
डावा गुडघा जानेवारीपासून बांधलेला.
पण आकडा कुणी मागत नव्हतं.
भांडायला आलेल्या माणसाला आकडा म्हणजे
जेवणात खडा.

मग गजाबा बोडके उठले.
दारूगोळा कारखान्यातून निवृत्त, आवाज अजून भोंग्याचा.
"मंडळ सोडणारा गडी रक्ताचा नाही.
या मातीत ज्याचा गुडघा फुटला
त्यानं याच मातीत म्हातारं व्हावं."
टाळी पडली. सेल्वमनंसुद्धा उलथनं तव्यावर वाजवलं.

मी वहीच्या कडा सारख्या करत राहिले.
घरी माळ्यावर सत्त्याऐंशीची वही आहे.
तिच्यात वडिलांच्या तिरक्या अक्षरात, लाल शाईनं:
*ग. बोडके. पिंपरीच्या संघात. नोकरीसह.*
खाली काहीच नाही. वडील शेरे लिहीत नसत.

मी बोलले नाही. चटणी मागितली.
पण गजाबांनी माझ्याकडे पाहिलं
आणि त्यांना कळलं की मला ठाऊक आहे.
हळूहळू खाली बसले.
"तिकडं मला नावानं कुणी हाक मारली नाही," म्हणाले,
"नऊ नंबर म्हणायचे. सहा वर्षं."
डोशाचा तुकडा मोडला, खाल्ला नाही.
"पगार मात्र एक तारखेला व्हायचा.
बहिणीचं लग्न त्याच पगारावर झालं."

यावर टाळी पडली नाही.
वरून मेट्रो गेली, उजेडानं भरलेली,
माणसं चार.

कबड्डीत एवढी एक सोय आहे:
सातही मेले की सातही जिवंत होतात,
समोरच्याला वर दोन गुण द्यायचे फक्त.
माझ्या वडिलांना हा नियम फार आवडायचा.
मला तो स्वस्त वाटतो. रोज मरणाऱ्याला
दोन गुण थोडे नसतात.

तेवढ्यात भैरूच आला,
बर्फाची पिशवी गुडघ्याला मफलरनं बांधून,
लंगडणं लपवत, म्हणजे जास्तच लंगडत.
वय बावीस. मालधक्क्यावर आठ तासांची पाळी करून
खेळायला येतो.
"काय ठरलं?" त्यानं विचारलं,
जणू ठरवणारे आम्हीच.

फिलिपनं बाकावर जागा केली.
इस्माईलचाचांनी आपला डोसा त्याच्यापुढे सरकवला.
गजाबा म्हणाले, "आधी खा."
आणि मग सगळे अचानक मैदानातल्या दिव्याबद्दल बोलू लागले,
उत्तरेकडचा दिवा कसा महिनाभर बंद आहे,
बिल कुणाच्या नावावर,
शिडी कुणाकडून आणायची.

मी रविवारसाठी नवं पान काढलं.
सहा नावं निळ्या पेननं.
सातवं, म्हणजे पहिलं, पेन्सिलीनं लिहिलं
आणि त्याला दिसू नये म्हणून
त्यावर चटणीची वाटी ठेवली.
ती उचलली तेव्हा
कागदावर हिरवा गोल उमटला होता.