फक्त पाहुण्यांसाठी

माझी खोली स्विमिंग पूलच्या मागं,
टॉवेलच्या कपाटाला लागून.
दारावर पाटी: प्रथमोपचार, फक्त पाहुण्यांसाठी.
आत एक पलंग.
घाटीत एका पलंगावर दोघं असायचे, खाली सतरंजीवर तिसरा.
इथं पलंगच आजाऱ्यासारखा एकटा पडून.

तोष्णीवाल साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
पांढरा ड्रेस नको सिस्टर, लोकांना दवाखाना आठवतो.
म्हणून हा जांभळा अंगरखा.
म्हणून दर शनिवारी कुणीतरी डोकावतं,
"मसाज किती वाजेपर्यंत?"
मी म्हणते, मसाज पलीकडं. इथं नुसतं दुखतं.

जालन्याच्या मिशन हॉस्पिटलात शिकले.
एस्तेर खंडागळे, नोंदणीकृत परिचारिका.
कौन्सिलचा नंबर झोपेतून उठवून विचारा, सांगेन.
इथल्या रजिस्टरात मात्र:
मधमाशी चावली.
टाच कापली, काच.
उलट्या, नवरदेवाचे मित्र, चौघं.
एका बाईंना बदकांची भीती.
सही करून जाताना पेन माझंच घेऊन जातात.

मे महिना. नाथसागर मागं सरकत सरकत
इतका लांब गेला होता
की बोटींचा धक्का भेगाळल्या गाळात
उगाच उभा, कुणाची तरी वाट बघत.
पूल काठोकाठ.
टँकर पहाटेच येऊन जातो, पाहुणे उठायच्या आत.

त्या दिवशी लग्न होतं.
गेटपासून लॉनपर्यंत दोनशे पावलं,
वऱ्हाड दीड तास नाचलं.
ढोरकीनचा बँड, जाड लाल कोट, गळ्यापर्यंत बटणं.
तिसऱ्या गाण्यात ट्रम्पेट बंद पडला.
कुणाच्या ध्यानात आलं नाही. ढोल होताच की.

फेरोजनं त्याला पाठुंगळी आणलं.
हाऊसकीपिंगचा पोरगा, रोज टॉवेलांचे हंस करतो,
जोडीजोडीनं, मानेला मान टेकवून.
उंबऱ्यातच थांबला. "पाहुणा न्हाई सिस्टर हा."
म्हटलं, आधी आत आण, कोण कोण आहे ते मग ठरवू.

पितळी बटणांचा बोटांना चटका बसला.
घामाचा टिपूस नाही. ताप एकशे पाचच्या वर.
डोळे उघडे, पण बघत नव्हते.
"कापडं भिजव."
"कोणती?"
त्याच्या ट्रॉलीवर चौदा हंस होते.
एकेकाची मान सोडवून त्यानं बादलीत बुडवली.
बारमधून बर्फाचं घमेलं आलं, बिअरच्या बाटल्यांसकट.
बगलेत बर्फ, जांघेत बर्फ, पंखा पाचावर.
डॉक्टर फोनवर. शीर सापडेना.
तिसऱ्यांदा सापडली.
एकशे आठवाले म्हणाले, पैठणहून निघालो.
बाहेर गाणं बदललं.

चाळीस मिनिटं.
लाज वाटते सांगायला, पण
किती महिन्यांनी माझे हात मला ओळखू आले.

शुद्धीवर आला तसं त्यानं विचारलं,
"नवरी आली का स्टेजवर?
तिच्या एन्ट्रीला मलाच वाजवायचंय, मालक पैसे कापतो."
म्हटलं, आली नाही अजून, मेकअप चाललाय.
खोटंच. ती केव्हाच बसली होती खुर्चीत.
नाव दगडू हिवाळे.
वय दोनदा सांगितलं, दोन्ही वेगळी.
मी धाकटं लिहून घेतलं.

रात्री साहेब रजिस्टर चाळायला बसले.
चौदा टॉवेल, दोन सलाईन, बर्फ.
"सिस्टर, हे टाकायचं कुणाच्या नावावर?
रूम नंबरचा रकाना कोरा ठेवता येत नाही."
मी पेन मागून घेतलं, माझंच,
आणि त्या रकान्यात कौन्सिलचा नंबर लिहिला.
साहेबांनी आकडे मोजले.
"एवढ्या खोल्या कुठायत आपल्याकडं?"

ट्रम्पेट ॲम्ब्युलन्समध्ये ठेवायचा राहिला.
विसरलेल्या वस्तूंच्या कपाटात टाका म्हणाले,
चष्मे, चार्जर, लहान मुलांचे पोहायचे चष्मे
असतात त्यात.
टाकला नाही.
पलंगावर ठेवलाय, उशीला टेकवून.
भाऊ रविवारी न्यायला येणार आहे.