यादीतला तिसरा नंबर

आज आम्हाला बोट बुडवायची होती.
कागदावर. सकाळी सहा वीसला,
दालकावेच्या धक्क्यापासून अर्ध्या तासावर,
धुकं, खडक, आत एकोणचाळीस माणसं,
त्यातली दोन तान्ही.
आकडे मीच घातले होते काल रात्री,
चुलीपाशी पाय शेकत.

सान्तियागोहून आलेला बाल्तासार म्हणाला,
पहिला तास गप्प राहाल
तर तुमच्या खुर्चीत अफवा येऊन बसेल,
आणि तिला कुणी शिकवावं लागत नाही.
आम्ही माना डोलावल्या.
मग त्याने मायक्रोफोन ओर्तेन्सियाकडे दिला.
तिकिटं फाडताना जिची जीभ कात्रीसारखी चालते
ती म्हणाली, "परिस्थिती नियंत्रणात आहे."
"कुणाच्या?"
ओर्तेन्सियाने चुलीकडे पाहिलं.
ओलं लाकूड फुसफुसत राहिलं.

ठाऊक आहे ते सांगा. नाही ते नाही म्हणून सांगा.
पुन्हा किती वाजता बोलणार, तेही.
मी मसुद्यातला 'लवकरच' खोडला.
लवकरच कुठल्याही घड्याळात वाजत नाही.

मग फोनची यादी,
एकेक नंबर खरोखर लावून बघायचा.
बंदर अधिकाऱ्याने उचलला.
दवाखान्यातल्या मुलीने आम्हालाच थांबायला सांगितलं,
त्यावर हसलो थोडं.
तिसरा, एलिसेओ कार्कामो, रात्रपाळीचा पहारेकरी.
घंटी वाजायला लागली तेव्हा आठवलं,
एलिसेओ त्या बोटीवर होता.
सहा वर्षांपूर्वीच्या. खऱ्या.

"कुठली बोट?"
हॅलो नाही, कोण बोलतंय नाही.
कंपनीचा नंबर बघून रोसाल्बाने
सरळ एवढंच विचारलं.

समोर छापील मजकूर होता, तीन परिच्छेद.
"कुठलीच नाही," मी म्हणालो. "सगळे सुखरूप आहेत.
हा सराव आहे. तुमचा नंबर यादीत राहून गेला.
चूक माझी."
बराच वेळ नुसता श्वास,
मागे कोंबड्या.

"त्या दिवशी दुपारपर्यंत मी धक्क्यावर उभी होते.
तुमच्या ऑफिसात दिवा होता.
माणसं इकडून तिकडे जाताना दिसायची.
दार कुणी उघडलं नाही.
मला रेडिओने सांगितलं,
साबणाची जाहिरात संपल्यावर."

बाल्तासार खडू हातात धरून उभा.

"लिहून घे," रोसाल्बा म्हणाली.
"पहिल्या ओळीत नमस्कार नको, दिलगिरी नको.
माणूस सापडला की नाही, ते.
आणि सांगायला काही नसलं तरी दार उघडा.
बाहेर गारठा असतो."

नंबर काढून टाकू का, मी विचारलं.
"राहू दे. नाव तेवढं बदल."

ओर्तेन्सिया उठली,
दाराचा आतला अडसर काढून
चुलीतल्या लाकडांवर ठेवून आली.
मी एलिसेओवर रेघ मारली. हळू.

साडेनऊला कागदावरची बोट सापडली.
एकोणचाळीस.
मी दोनदा मोजले,
तान्ही धरून.