सात नंबर

फुलबागेच्या मैदानावर पावणेसहाला धुकं इतकं
की किल्ला नसतोच.
सुभेदार भदौरियांची शिट्टी असते
आणि आम्ही चौदा जण,
पुढच्याच्या पाठीवरून रांग ओळखणारे.

"सात नंबर! गुडघा वर!"
सात नंबर म्हणजे मी.
एरवी मृदुला फाळके –
भाजी कुठली, सासऱ्यांची गोळी
जेवणाआधी की नंतर,
बँकेत कुठल्या कागदावर सही,
सगळं मीच ठरवायचं.
इथे कुणीतरी ओरडतं
आणि मी धावते.
केवढी विश्रांती!

कोपरं मातीत, ओठांवर धूळ.
शेजारी गजकवाले बन्सलजी
"मर गए" म्हणतात
आणि उठतात.
ते उठले म्हणून मी उठते,
मी उठते म्हणून बहुतेक ते.

काल सुभेदार आले नाहीत. ताप.
घरी मात्र कुणी गेलं नाही.
रांग आपसूक लागली,
हात काखेत, तोंडातून वाफा,
कुणी कुणाकडे बघेना.
मग माझ्याच घशातून,
पोरांवरही कधी न चढवलेल्या आवाजात –
"सावधान!"

तेरा जोड टाचा जुळल्या.
चौदावा माझा,
जरा उशिरा.

धुक्यात एक बुरूज दिसला
आणि परत गेला.