वाजतंय का?

केतकी म्हणते, उंटवाडीच्या पुलावरून उतरताना
गाडी किंचाळते. लोक वळून बघतात.
मला काहीच ऐकू येत नाही.
एकवीस वर्षं अंबडच्या प्रेस शॉपमध्ये
दोनशे टनी प्रेसशेजारी उभा होतो.
बारीक आवाज तिथेच राहिले,
गेटपासवर त्यांची नोंद नाही.

म्हणून आज, रविवारी, सिडकोत घरासमोर
मागच्या चाकांना विटा लावून
पुढचं उजवं चाक उतरवलंय.
नट आधी जमिनीवरच सैल करायचे, जॅकवर नाही.
खैरनारांनी एकदा उलटं केलं होतं,
त्यांच्या बंपरला विचारा.

कॅलिपर उचलून तारेनं वर टांगला.
होजवर लोंबकळू द्यायचा नसतो.
जुने पॅड हातात आले:
बाहेरचा अजून बिस्किटाएवढा जाड,
आतला पापड.
एकाच डिस्कला दोघं धरून, आणि झीज एकाचीच.
पिन अडकली होती.
सरकायला जागा नसली की असंच होतं.
मी हे केतकीच्या आईला सांगायला गेलो नाही.

पिस्टन क्लॅम्पनं हळूहळू मागे रेटला.
केतकी बॉनेटखाली, ऑइलच्या डबीवर नजर ठेवून.
‘बाबा, चढतंय!’
माझ्याशी किती ओरडायचं, तिला माहीत आहे.

चीं म्हणजे दुसरं काय,
सैल पत्र्याची थरथर. हे मला शिकवायला नको.
खोबणीतला गंज तारेच्या ब्रशनं खरवडला,
पिनेवरचं करपलेलं ग्रीस पुसून नवं भरलं,
शिम बसवली, पॅडच्या पाठीला आणि कानांना
नखभर ग्रीस,
हळद लावावी तसं.
पुढच्या अंगाला ठिपकासुद्धा नाही.
थांबायचं तिथे कोरडंच लागतं.

मग डावं चाक. जोडीनंच बदलायचे.

पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला गेलं
आणि माझ्या पोटात गोळा आला,
माहीत असूनही.
तिसऱ्याला जरा, सहाव्याला टणक.

पाथर्डी फाट्याच्या रस्त्यावर
साठवरून वीस, साठवरून वीस,
पॅड आणि डिस्कची ओळख होईपर्यंत.
मागचा रिक्षावाला हात नाचवून काहीतरी म्हणाला.
तेही ऐकू आलं नाही, बरंच झालं.

आणि मग उंटवाडीचा उतार.
ब्रेक दाबतो, आणि रस्ता सोडून अर्धा क्षण
तिचा जबडा बघतो. एरवी दात आवळते.
आज ती खिडकीतून नासर्डीच्या पाण्याकडे बघतेय,
दुसऱ्याच कशात तरी.
‘वाजतंय का?’
‘नाही.’ मग मोठ्यांदा, ‘नाही!’

घरासमोर गाडी मागे घेताना मात्र
तिनं खांद्यावर टिचकी मारली.
‘रिव्हर्सला थोडं वाजतं.’
‘कसं?’
ओठ आवळून तिनं तो आवाज काढून दाखवला.
मी ओठ बघितले.
बारीक असावा.